नेटवर्कची मदतपानं वाचताना

मास्तरांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मुख्याध्यापकाशी भांडत होतो.

नांदेडला माझं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. कचेऱ्यांनी काढून टाकलेली मशीन मी गठ्ठ्यानं उचलतो, दुरुस्त करतो, त्यात फुकट मिळणारी मराठी ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो आणि शाळांना विकतो. हे मुख्याध्यापक इस्लापूरकडचे. मशीन त्यांना पसंत होती, भाव ठरला होता, टेम्पो दारात उभा होता. निघताना त्यांनी सिस्टिममधलं मदतीचं पान उघडलं, नेटवर्क कसं जोडायचं ते बघायला. आणि ते पान मला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. पानावर ‘नेटर्वक’ होतं, ‘स्थीर पत्ता’ होता, ‘प्रवेशव्दार’ होतं, ‘पूढील पायरी’ होती.

“मशीन चांगली हायत,” ते म्हणाले, “पण हे असलं मराठी घेऊन मी मराठी शाळेत जाऊ का?”

“गुरुजी, सिस्टिम फुकटची आहे. धर्माच्या गाईचे दात कुणी मोजतं का?”

“देवणी जातीची असू द्या नाहीतर धर्माची. दावणीला बांधायच्या आधी दात मी बघणारच.”

मी तापलो. टेम्पो परत पाठवून द्या म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडून एक बाई म्हणाली, “दादा, मी लातूरहून बोलते. मास्तरांची सून. ओळखलंत का?”

ओळखलं. बावीस वर्षांत त्या घरातून मला फोन आला नव्हता, आणि आलेला मला नको होता.

ती सांगत होती, मास्तरांची नजर काचबिंदूनं गेली. एका डोळ्याला उजेड तेवढा कळतो. दिवसभर खुर्चीत बसून असतात आणि रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यांच्या चुका काढतात. “काही काम असंल तर द्या. पैशाचं म्हणत न्हाई मी. त्यांनी स्वतःच तुमचं नाव घेतलं.”

मास्तरांनी कधीच शाळेत शिकवलं नव्हतं. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक प्रेस होती, तिथले ते मुद्रितशोधक. शुद्धलेखनावरून सगळ्यांना झापायचे म्हणून मास्तर. मी विशीत असताना त्या प्रेसमध्ये सकाळी टाइप करायचो आणि दुपारी त्यांच्यासमोर बसून दुसऱ्यांनी टाइप केलेल्या मजकुराची मूळ प्रत वाचायचो. आमच्याकडे प्रूफ असंच तपासलं जायचं. एकानं हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर डोळा ठेवायचा. अवघड शब्द आला की वेलांटी पहिली का दुसरी, तेही बोलायचं. एक नियम पक्का होता. ज्यानं मजकूर टाइप केला, त्यानं मूळ प्रत वाचायची नाही. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही.

तो नियम एकदाच मोडला. माझे वडील वारले तेव्हा.

आम्ही बौद्ध. वडिलांच्या जलदान विधीच्या आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रिका मी काम करायचो त्याच प्रेसमध्ये छापायच्या ठरल्या. चुलत्यानं कागदावर नावं लिहून दिली. मला तीन बहिणी. मधलीला मी अक्का म्हणतो. आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. पुढे तिनं उदगीरच्या एका दुसऱ्या समाजातल्या माणसाशी आपल्या मनानं लग्न केलं आणि घरात वादळ झालं. वर्षभरानं वडील निवळले. मी निवळलो नाही. तरी चुलत्याच्या कागदावर तीन ओळी होत्या, तिन्ही ‘कन्या व जावई’ अशा सुरू होणाऱ्या, आणि मधली ओळ अक्काची होती.

पत्रिकेत दोनच ओळी छापल्या गेल्या.

विधीच्या दिवशी अक्का उदगीरहून आली. पर्समधून पत्रिका काढून तिनं चुलत्याच्या हातात दिली. “ह्यात मी न्हाई. मग इथं बसू कशाला?” असं म्हणाली आणि जेवायच्या आधी परतीच्या गाडीला लागली.

तिला तशी जाताना बघून माझा तिच्यावरचा राग उतरला. मी प्रेसमध्ये गेलो. मला स्पष्ट आठवत होतं, अक्काची ओळ मी वाचली होती. स्वतःचा आवाजसुद्धा आठवत होता. म्हणजे मास्तरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी एवढंच कबूल करावं आणि अक्काला सांगावं, एवढंच माझं मागणं होतं. मास्तर म्हणाले, “माझ्यासमोर आलं ते मी बरोबर तपासलं.” मी प्रुफांचं टेबल पालथं केलं आणि लातूर सोडलं.

अक्काला मी निरोप धाडला, चूक मास्तरांची म्हणून. तिचं उत्तर आलं, “पत्रिका तुझ्या हातची.” नंतर बावीस वर्षं काही नाही. तिच्या मुलीचं लग्न झालं ते मला चुलत्याकडून कळलं. नांदेडात मी शून्यातून दुकान उभं केलं, घर बांधलं. घरभरणीला दोन्ही बहिणी आल्या, आणि माझं सगळं लक्ष फाटकाकडे होतं. या सगळ्याला मी एकाच माणसाला जबाबदार धरत होतो, आणि त्याच माणसाची सून आज मला काम मागत होती.

धंद्यातल्या माणसाला असा योग सोडवत नाही. ही सिस्टिम सगळ्यांना खुली असते. तिच्या संकेतस्थळावर मदतीचं प्रत्येक वाक्य सुटं मांडलेलं असतं, कुणीही दुरुस्ती सुचवावी, कुणीतरी स्वयंसेवक ती मान्य करतो. म्हणजे ‘स्थीर’चं ‘स्थिर’ मी दुकानात बसून करू शकत होतो. पण माझं शुद्धलेखन मला ठाऊक होतं. मी मुख्याध्यापकांना म्हणालो, मशीन दोन महिने इथंच राहू द्या, मराठी धुऊन देतो. आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून लातूरला गेलो.

मास्तर पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. अंगानं निम्मे झालेले.

“कोण?”

“मी.”

त्यांनी आवाज ओळखला. “काम घेऊन आलास का भांडण?”

“दोन्ही.”

“बस मग.”

मी काम सांगितलं. ते म्हणाले, “नेटवर्क म्हणजे काय ते मला ठाव न्हाई.”

“ठाव असायची गरज न्हाई. कायद्याची पुस्तकं तरी तुम्हाला कुठं कळत होती?”

“तेही खरं. म्हशीचे रोग म्हणून एक पुस्तक तपासलं मी. घरात म्हैस न्हाई.” ते हसले. मग त्यांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले आणि सुटले. हे काम त्यांना किती हवं होतं, ते त्या हातांवरून कळलं. समोरच्याला माल किती हवा आहे हे कळलं की मी भाव सांगतो. तसाच सांगितला.

“माझी एक अट हाय.”

“तुझी अट नसंल तर तू कशाचा.”

“उदगीरला अक्काला फोन करायचा. तिला सांगायचं, ओळ तुमच्याकडून राहिली.”

सून चहा घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली.

“माझ्यासमोर आलं ते मी बरोबर तपासलं,” मास्तर म्हणाले. तेच वाक्य, तोच सूर.

“मग काम न्हाई,” म्हणून मी उठलो. सौद्यात मी नेहमी उठतो. पायरी उतरेपर्यंत समोरचा हाक मारतो, आणि ज्यानं हाक मारली तो हरला.

मी चप्पल घालत होतो तेव्हा मास्तरांनी विचारलं, “पानं किती हायत?”

“लई हायत.”

“रोज वाचायचं?”

“रोज दुपारी. दोन ते चार. फोनवर.”

मास्तर म्हणाले, “बरं. शेवटचं पान झालं की करतो फोन.”

परतताना अहमदपूरला मी चहा प्यायलो आणि शेव-चिवडा खाल्ला. जिंकल्यावर मला भूक लागते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचन सुरू झालं. पूर्वी मी हातातला कागद वाचायचो आणि ते प्रूफ बघायचे. आता कागदच नव्हता. पडद्यावर जे होतं ते मी वेलांट्या-उकारांसकट वाचायचो, ते डोक्यात जुळवायचे.

“स्थी, दुसरी. र.”

“पहिली कर.”

“पूढील, प ला दुसरा उकार.”

“पहिला. पुढं जायला एवढा जोर लावू नको म्हणावं.”

त्यांचं बोलणं आपलंच होतं, लातूरचं. लिहायचं शुद्ध आणि बोलायचं घरचं, असं ते म्हणायचे. हळूहळू त्यांना नेटवर्कमध्ये गोडी लागली. पानावरचं प्रवेशद्वार, म्हणजे गेटवे, हे काय ते विचारलं. मी म्हणालो, गल्लीतल्या गल्लीत चिठ्ठी द्यायची तर पोर पाठवता येतं, परगावी जायची तर वेशीतून जावी लागते, ती वेस. “मग वेस म्हण की सरळ,” ते म्हणाले. मी म्हणालो, आपल्याला फक्त चुका काढायच्यात, शब्द बदलायचे नाहीत. मान्य करणारे परत धाडतील.

“मान्य कोण करतं?”

“कुणीतरी स्वयंसेवक. माहीत न्हाई.”

“आणि चूक राहिली तर जाब कुणाला?”

“कुणालाच न्हाई.”

ते म्हणाले, “बरं हाय बाबा तुमचं.”

मला ते झोंबलं. पण मी पुढची ओळ वाचली. खरं सांगायचं तर मला त्या दोन तासांची सवय लागली होती. दीडलाच मी गिऱ्हाइकं आटपायला लागायचो. बायको म्हणाली, भांडण मिटलं वाटतं. मी म्हणालो, भांडण जागेवर आहे, हे काम आहे.

महिना होत आला. नेटवर्कची थोडीच पानं उरली होती. त्या दुपारी कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता हातानं भरण्याचं पान चाललं होतं. कृती एकाखाली एक दिलेली होती आणि बहुतेक ओळी ‘जोडणीच्या खिडकीत’ अशा सुरू होत होत्या. मी वाचत गेलो. मास्तरांनी मला थांबवलं.

“एक ओळ गेली.”

“कुठं गेली?”

“आता पत्त्याचा रकाना भरा म्हणतोस. परवा तूच वाचलं होतंस, पत्ता आपोआप मिळणं आधी बंद केल्याशिवाय रकाना उघडत न्हाई म्हणून. ते बंद कर म्हणून सांगितलंच न्हाई की यात.”

“पडदा माझ्यासमोर हाय का तुमच्या?” माझा आवाज चढला. “जे लिहिलंय ते वाचायलोय.”

“बघ परत.”

मी बघितलं. ओळ होती. ‘जोडणीच्या खिडकीत’ अशीच सुरू होणारी, दोन ओळींच्या मधोमध. माझा डोळा तिच्यावरून सरळ खालच्या ओळीवर उतरला होता.

“हाव,” मी म्हणालो. “राहिली.”

“तुझी जुनीच खोड. सारखी सुरुवात आली की मधली ओळ खातोस. प्रेसमध्ये पण खायचास. वाच पुढं.”

मला पुढं वाचता येईना. पंखा चालू होता आणि मी पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत बसलो. तीन ओळी, एकसारख्या सुरू होणाऱ्या. चुलत्याच्या अक्षरातला कागद मला दिसायला लागला. टाइप मीच केला होता. घरात मयत, पत्रिकेची घाई, वाचायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून वाचलाही मीच.

“मास्तर,” मी विचारलं, “त्या दिवशी अक्काची ओळ मी वाचली होती का?”

“कशाला आता?”

“सांगा.”

“न्हाई वाचलीस.”

“तुम्हाला पक्कं आठवतं?”

“आठवतं. कारण मी वाट बघत होतो त्या नावाची. थोरलीचं झालं, धाकटीचं आलं. मी प्रुफावर बघितलं तर तिथंही न्हाई.”

“मग विचारलं का न्हाई?”

“शोकपत्रिकेत नाव नसलं तर प्रेसनं विचारायचं नसतं. ते घरच्यांचं असतं. किती घरांनी किती नावं मुद्दाम गाळलेली बघितली मी. आणि तू आठच दिवस आधी मशीनपाशी उभं राहून सगळ्यांना ऐकवलं होतंस, मला बहीण न्हाई म्हणून. दोनच बहिणी हायत म्हणालास, तिसरी मेली. मला वाटलं, घरच्यांनी ठरवलं असंल.”

हे मी बोललो होतो. विसरलो नव्हतो, फक्त कुठं बोललो ते विसरलो होतो.

“तेव्हाच का न्हाई सांगितलं मला?”

“कसं सांगू? बाप गेलेल्या पोराला तोंडावर म्हणू का, तूच बोललास आणि तूच गाळलंस? टेबल पालथं केलंस तू.”

तेव्हापासून आजपर्यंत मी स्वतःला एक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर मला सापडत नाही. पत्रिका वाचताना डोळा नुसताच घसरला, की ते नाव तोंडात घ्यायचं नव्हतं म्हणून घसरला. नेटवर्कच्या त्या ओळीवर माझा काही राग नव्हता, तरी ती राहिली. म्हणजे खोडच असेल. पण पक्कं सांगता येत नाही.

मी म्हणालो, “मास्तर, अक्काला फोन करू नका.”

“काल केला.”

“अजून पानं बाकी हायत.”

“माझ्या वयात शेवटच्या पानाची वाट बघू नये.”

“काय सांगितलं?”

“तू सांग म्हणालास तेच.”

संध्याकाळी दुकान आवरताना फोन वाजला. “मी बोलते,” पलीकडून आवाज आला. नाव सांगायची गरज पडली नाही. अक्का म्हणाली, “त्या म्हाताऱ्याचा फोन आला होता. मी उगंच तुझ्यावर राग धरला रे. रविवारी येते.” मी “ये” म्हणालो. तिला वाटलं, मी रडतोय. रडतही होतो.

रविवारी अक्का आली. केस पांढरे झालेले, चालताना गुडघा धरत होती. बायकोनं सगळं तिच्या आवडीचं केलं होतं. अक्कानं घर फिरून बघितलं, वडिलांच्या फोटोसमोर उभी राहिली, माझं पोट सुटलंय म्हणून मला चिडवलं. मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. जे बावीस वर्षं मागत होतो ते मिळालं होतं. मास्तरांनी आपणहून दिलं होतं. पदरात पडलेला माल परत करायचा माझा स्वभाव नाही.

जेवताना अक्का म्हणाली, “लई बोलले मी त्या म्हाताऱ्याला. बावीस वर्षं गप बसलास, आता डोळे गेल्यावर आठवलं का म्हटलं. माझा भाऊ तोडलास म्हटलं. डोळे गेले ते बरंच झालं म्हटलं. नुसता ऐकून घेत होता. हाव, हाव म्हणत होता.”

माझा घास ताटात राहिला. मी सांगून टाकलं. ओळ कशी राहिली, अट कुणी घातली, ते खोटं का बोलले, आणि त्यांनी तेव्हा का विचारलं नाही. बायको वाढता वाढता थांबली.

अक्का माझ्याकडे बघत होती. “मला बहीण न्हाई, असं म्हणालास?”

“हाव.”

“तिसरी मेली म्हणालास?”

“हाव.”

“किती जण होते तिथं?”

“पाच-सहा.”

तिनं मान हलवली. मग ताटातलं सगळं संपवलं. अन्न टाकायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. हात धुऊन आली आणि विचारलं, “उदगीरची गाडी किती वाजता हाय?”

राहायला म्हणून आणलेली पिशवी तिनं उघडलीच नव्हती. मी तिला बसस्टँडवर सोडलं. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो. माफ कर म्हणायचं मला सुचत होतं, पण तोंडातून निघालं ते, “कंडक्टरला सांगून पुढची सीट घेऊ का?” ती नको म्हणाली. चढताना तिनं विचारलं, “तो म्हातारा खोटं बोलला, ते माझ्यासाठी का तुझ्यासाठी?”

“पानांसाठी,” मी म्हणालो. “त्याला तपासायला पानं पाहिजे होती.”

“पानांसाठी,” ती म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. गाडी हलली तेव्हा ती समोर बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी मास्तरांना फोन लावला. लागेना. पलीकडे कुणाशी तरी बोलणं चालू होतं. पाऊण तासानं लागला.

“तुझी बहीण होती,” मास्तर म्हणाले. “शब्द परत घेते म्हणाली. मी म्हटलं, बाई, बोललेला शब्द परत घेता येत न्हाई, पुढं नीट बोलता येतं तेवढं. मग उगं इकडचं तिकडचं बोलत बसली. वाच.”

नेटवर्कची पानं संपली. स्वयंसेवकांनी बहुतेक दुरुस्त्या मान्य केल्या. मुख्याध्यापकांनी येऊन एक पान वाचलं, हूं म्हणाले आणि टेम्पो भरला. आम्ही थांबलो नाही. छपाईची पानं घेतली, मग आवाजाची. अक्का मला फोन करत नाही. मास्तरांना आठवड्यातून एकदा करते. तिच्या गुडघ्याचं काय झालं, नातीला कुठल्या शाळेत घातलं, हे मला लातूरहून कळतं. मी विचारत नाही. वाचन आटपलं की मास्तर आपणहून सांगतात.

एकदाच मी विचारलं, “माझ्याबद्दल काही विचारते का?”

मास्तरांना माझ्यासाठी एकदा खोटं बोलावं लागलं होतं. दुसऱ्यांदा ते खोटं बोलले नाहीत.

“न्हाई,” म्हणाले.